‘हवा छान आहे’ म्हणून कोण कुठे राहायला जातं?

कोरडवाहू :

“काय हवा आहे हो इथली! इथेच कायमचं राहायला यावं.” सहलीला गेलेला माणूस हे बोलला नाही असं सहसा होत नाही. बोलतो, दोन दिवसांनी सामान बांधतो आणि आपल्या उकाड्यात नाहीतर आपल्या गारठ्यात परत येतो. माझं म्हणणं असं, की हवापाणी ही बोलायची गोष्ट आहे. राहायचं कुठे हे ठरवताना तिचा नंबर बराच खाली लागतो. माणूस पोटामागे जातो, नात्यागोत्यामागे जातो, आणि एकदा गेला की तिथल्या ऋतूंना नावं ठेवत का होईना, राहतो.

रशियाच्या अतिपूर्वेकडचा मगदान प्रांत बघा. सोव्हिएत काळात तिकडे जाणाऱ्याला जादा पगार, जादा रजा, लवकर पेन्शन असं सगळं मिळायचं. १९८९च्या जनगणनेत तिथे पावणेचार लाखांच्या वर माणसं होती. १९९१मध्ये सोव्हिएत संघ मोडला, सवलतींत दम राहिला नाही, खाणवस्त्या ओस पडल्या. २०१०मध्ये उरली १ लाख ५७ हजार. मधल्या काळात हिवाळा काही जास्त कडक झाला नव्हता.

त्याच अतिपूर्वेकडचं याकुत्स्क शहर मात्र १९८९पासून दुपटीच्या जवळ गेलंय. जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३५च्याही खाली, जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे इमारती खांबांवर उभ्या. तरी तीन लाखांवर वस्ती, कारण सरकारी कचेऱ्या तिथे, विद्यापीठ तिथे, हिऱ्यांच्या प्रदेशाची राजधानी ती. थंडी दोन्हीकडे जीवघेणीच. एक रिकामं होतंय, दुसरं भरतंय.

आणि सुखाचं म्हणाल तर १९९८मध्ये डेव्हिड श्काडे आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आणि मध्य-पश्चिमेकडच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? दोन्हीकडची उत्तरं जवळपास सारखी आली. पण ‘तिकडचे किती समाधानी असतील?’ असं विचारल्यावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियावाल्यांना झुकतं माप दिलं. ऊन मनात असतं तेव्हा फार मोठं दिसतं. रोजच्या जगण्यात ते कुठल्या कुठे जातं.

कोणाचं वेगळं मत असेल तर येऊ द्या. फक्त ‘मला थंडी सोसत नाही’ एवढ्यावर थांबू नका. सोसत नाही म्हणून तुम्ही घर बदललंत का, ते सांगा.

वळीव :

असहमत. आणि तुमच्याच उदाहरणाच्या आधारे असहमत.

मगदानचा जादा पगार कशाबद्दल होता? थंडी आणि आडबाजूपणाबद्दलच ना? हवेचा नंबर खाली असता तर सरकारला एक रुबल जास्त मोजावा लागला नसता, माणसं आपणहून गेली असती. पगार मोजणारा उठला, माणसं उठली. म्हणजे नकोशा हवेत माणूस ठेवायचा तर पगारी ठेवावा लागतो. हे हवेचं महत्त्व कमी असल्याचं लक्षण आहे की जास्त असल्याचं?

दुसरं म्हणजे तुम्ही एकेकट्या माणसाचा निर्णय बघताय. शतकांचा बघा. विषुववृत्ताच्या आसपासची मोठी शहरं नकाशावर शोधा. क्विटो २८५० मीटरवर, बोगोटा २६०० मीटरच्या वर, अदिस अबाबा २३०० मीटरच्या वर, नैरोबी सुमारे १८०० मीटरवर. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली घामाच्या धारा आणि हिवताप, वर बारा महिने वसंत. इथिओपियात तर निम्म्याहून जास्त लोक डोंगराळ पठारावरच राहतात. एवढी माणसं चढ चढून उगाच वर गेली?

कोरडवाहू :

नैरोबी हवेसाठी वसवलेली नाही. मोंबासाहून निघालेल्या रेल्वेचा डेपो म्हणून १८९९मध्ये तिथे तंबू पडले. पुढे घाट चढायचा होता, त्याआधी सपाट जागा आणि पाणी हवं होतं. दलदल होती हो ती.

वळीव :

डेपो रेल्वेनं केला, मान्य. पण मोंबासाचा दमट किनारा सोडून राजधानी त्याच डेपोवर नेली, ती कशासाठी? दलदल आवडली म्हणून?

पागोळी :

दोघेही तापमानावर भांडताय. उजेडाचं कोणी नावच काढत नाही.

नॉर्वेत रयुकान म्हणून गाव आहे. अरुंद, खोल दरीत वसलेलं. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत दरीच्या तळाशी ऊन पोचतच नाही. दिवस असतो, पण सूर्य डोंगराआडूनच जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या धबधब्यावर वीज करून खत बनवायला एका कंपनीनं हे गाव उभं केलं. म्हणजे रोजगार आधी आणि माणसं मागून, कोरडवाहू म्हणतात तसंच. पण पुढे काय झालं? १९२८मध्ये त्याच कंपनीनं डोंगरावर रोपवे बांधला. माल न्यायला नव्हे. हिवाळ्यात गावकऱ्यांना वर जाऊन जरा उन्हात उभं राहता यावं म्हणून! नफ्यातोट्यावर चालणाऱ्या कारखान्याला ही उठाठेव का करावी लागली असेल?

आणि २०१३मध्ये गावानं समोरच्या कड्यावर, चौकापासून साडेचारशे मीटर उंचीवर तीन मोठे आरसे बसवले. संगणकाच्या साहाय्यानं ते सूर्यामागोमाग फिरतात आणि ऊन खाली चौकात फेकतात. सुमारे सहाशे चौरस मीटरचा उन्हाचा एक तुकडा. बाकी गाव सावलीत आणि तेवढ्या तुकड्यात बाकांवर लोक तोंड वर करून बसलेले. फोटो शोधून बघाच.

मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये हिवाळ्यातल्या ऋतुजन्य उदासीचं वर्णन शास्त्रीय भाषेत मांडलं. त्यावर उपाय म्हणून सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) दिव्यासमोर बसवतात. घरातला नेहमीचा उजेड काही शे लक्सच असतो. हे नखरे नाहीत, शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं.

पावसाचंही तेच. सिअ‍ॅटल पावसासाठी बदनाम, पण वर्षाचा पाऊस न्यू यॉर्कमध्ये जास्त पडतो. फरक एवढाच, की न्यू यॉर्कचा पाऊस कोसळतो आणि मोकळा होतो. सिअ‍ॅटलचं आभाळ हिवाळाभर भरून राहतं, पाऊस नुसता रिपरिपतो. पाऊस किती मिलिमीटर पडतो ते माणसाला जाणवत नाही, किती दिवस सूर्य दिसला नाही ते जाणवतं.

कोरडवाहू :

पागोळी, रयुकानची माहिती झकास. पण बघा, आरसे बसवले, गाव सोडलं नाही. सिअ‍ॅटलही सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांवर फुगतच गेलं, करड्या आभाळासकट. तुम्ही माझ्याच पारड्यात टाकताय.

पागोळी :

तुमचं पारडं भलतंच मोठं आहे. लोक गेले तर पगारासाठी, राहिले तर पगारासाठी, आरसे बसवले तरी पगारासाठी. मग हवेमुळे काही घडलं असं तुम्ही कधी मानाल, तेवढं आधी सांगून ठेवा.

हिशेबनीस :

जरा आकड्यांत बोलू.

अमेरिकेत विसाव्या शतकात कुठली शहरं वाढली याचा सरळ ठोकताळा म्हणजे जानेवारीचं तापमान. जिथे हिवाळा सौम्य, तिथे वाढ. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातलं फिनिक्स १९५०मध्ये १ लाख ७ हजारांचं होतं, २०२०मध्ये १६ लाखांवर गेलं (हद्दवाढ धरून). हे वाचून वळीव खूश होतील. पण थांबा.

हे वाळवंट राहण्याजोगं झालं ते वातानुकूलनामुळे, आणि ते यंत्र माणसाच्या सुखासाठी जन्मलेलंच नाही. १९०२मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आक्रसायचा. रंगीत छपाईत एक रंग छापून दुसरा छापायला घ्यावा, तर कागदाचं माप बदललेलं. रंग एकावर एक बसेनात. विलिस कॅरियर या इंजिनिअरनं हवेतला दमटपणा आवरायला यंत्र आखलं. घरोघरी ते पोचायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. त्यानंतरच दक्षिणेकडचा ओघ खरा वाढला.

आता खरी गोम. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ एडवर्ड ग्लेझर यांचा युक्तिवाद असा आहे, की लोक निव्वळ उन्हासाठी दक्षिणेकडे धावत असते तर तिथे घरं महागली असती आणि कमी पगारातही लोक खुशीनं राहिले असते. मोठ्या प्रमाणावर तसं झालं नाही. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटामध्ये माणसं लोटली तरी घरं तुलनेनं स्वस्त राहिली, कारण तिथे बांधकामाला आडकाठी कमी. लोक उन्हासाठी कमी आणि परवडणाऱ्या छपरासाठी जास्त गेले. उलट कॅलिफोर्नियाचा किनारा हवेच्या बाबतीत कोणाला हार जाणार नाही, पण २०२०नंतरची दोनेक वर्षं त्या राज्याची लोकसंख्या घटली. हवा तीच होती, घरभाडं झेपत नव्हतं.

वळीव :

हिशेबनीस, तुमच्या शेवटच्या ओळी पुन्हा वाचा. घरभाडं का झेपत नव्हतं? एवढ्या लोकांना तिथेच राहायचंय म्हणूनच ना? बांधकाम अडवलेलं असलं तरी मागणी नसती तर भाव चढले नसते. ओसाड गावातही घरं बांधायला बंदी करून बघा, चढतो का भाव.

कुठे राहावंसं वाटतं आणि कुठे राहता येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळा धागा दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला चिकटवत चाललाय. हवा कोणाच्या लेखी महत्त्वाची हे बघायचं तर ज्याला पोटाची चिंता उरलेली नाही असा माणूस बघा. कॅनडातले हजारो पेन्शनर हिवाळा लागला की फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना गाठतात. ओंटारिओत सरकारी आरोग्यविमा टिकवायचा तर बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात काढावे लागतात, म्हणून कॅलेंडरवर खुणा करत बसतात. तेवढे दिवस भरले की चालले! आणि पूर्वी तर सरकारंच हलायची. जम्मू-काश्मीरचा दरबार उन्हाळ्यात श्रीनगर, हिवाळ्यात जम्मू, ही पद्धत १८७२पासूनची. फायली, कारकून, पेटारे सगळं ट्रकांत भरून. ब्रिटिशांनी १८६४मध्ये सिमल्याला उन्हाळी राजधानी केलं ते काय तिथे नोकऱ्या होत्या म्हणून? नोकऱ्या मागाहून वर चढल्या.

चिलट :

मोठमोठी नावं आणि आकडे चालू आहेत, तर मध्ये एक छोटी गोष्ट. आमच्या घरात दम्याचा पेशंट आहे. दमट, बुरशीच्या हवेतून कोरड्या हवेत घर हलवलं. पगार कमी झाला, प्रवास वाढला. रात्रीचा पंप जवळजवळ सुटला. कोरडवाहूंनी विचारलं होतं ना, सोसत नाही म्हणून घर बदललंत का? बदललं.

(आता कोरड्या हवेत धूळ आहे, तो भाग वेगळा.)

कोरडवाहू :

चिलट, तुमचं उदाहरण शंभर टक्के मान्य. पण ते औषधपाणी झालं, हौस नाही. वळीव, तुमचे पेन्शनर आणि व्हाइसरॉय मिळून जगाच्या लोकसंख्येचा केवढासा हिस्सा? शिवाय पेन्शनरांतले बहुतेक जण नातवंडांच्या शाळेजवळ फ्लॅट बघतात, समुद्राजवळ नाही. आसपासच्या कोणत्याही निवृत्त जोडप्याला विचारा.

आडवाट :

बराच वेळ वाचत होतो. तुम्ही सगळे ‘माणूस’ म्हणताय तो कोणता माणूस?

फिनिक्सच घ्या. २०२३च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ४३.३ अंशांपर्यंत (त्यांच्या मापात, फॅरनहाइटमध्ये, ११०) किंवा त्याच्या वर गेला. शहर ज्या मॅरिकोपा परगण्यात आहे तिथे त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यांत बेघर माणसं मोठ्या प्रमाणात होती, आणि घरात मेलेल्यांपैकी पुष्कळांकडचा एसी बंद पडलेला होता किंवा नव्हताच. ज्याच्या घरात, गाडीत, ऑफिसात एसी आहे तो फिनिक्सच्या हवेत राहतच नाही. तो २४ अंशांत राहतो, मध्ये पार्किंगमध्ये दोन मिनिटं फिनिक्स लागतं. हवामान त्याला गौण वाटलं तर नवल काय?

आणि आखाती देशांतली बांधकामं? कतारमध्ये २०२१पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला बंदी आहे. उन्हात राहण्याजोगं नाही असं तिथला कायदाच म्हणतो, तरी मजूर जातात. कोरडवाहू म्हणतील, बघा, पोटामागे गेले. हो, गेले. पण त्यांना तिथे राहावंसं वाटतं का, हे कोणी विचारलं?

‘शरीराला सवय होते’ हेही अर्धंच खरं. एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, हे बरोबर. पण घाम वाळला तरच शरीर थंड होतं. हवाच ओलीचिंब असेल तर सवय काय करणार? ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक ३५ अंश दाखवू लागला, तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासच तग धरतो, असं गणित बरीच वर्षं मांडलं जायचं. अलीकडच्या प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांचा तोल ३१च्या आसपासच ढळलेला दिसला. थंडीत अंगावर आणखी एक कपडा चढवता येतो. उकाड्यात कातडी काढून ठेवता येत नाही.

हिशेबनीस :

आडवाट यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून कोरडवाहूच जिंकतात. ज्यांना हवा सर्वांत जास्त भोवते त्यांनाच ती निवडता येत नाही. मग शहरं हवेप्रमाणे कशी वाढतील?

पागोळी :

जिंकण्या-हरण्याचं काय घेऊन बसलात! बरं, आणखी एक बघा. इयान वादळ फ्लोरिडावर आदळलं २८ सप्टेंबर २०२२ला. आणि त्याआधीच्या, जुलै २०२२ला संपलेल्या वर्षभरात अमेरिकेतलं सर्वांत वेगानं वाढलेलं राज्य कोणतं? फ्लोरिडाच. १९५७नंतर पहिल्यांदा.

लोक रोजची हवा बघतात, वर्षातल्या एका वाईट दिवसाची नाही. घर बघायला जातात तेही फेब्रुवारीत, कोवळ्या उन्हात. सप्टेंबरमधल्या वादळाचा दिवस विम्याच्या हप्त्यात दिसतो तेव्हा कुठे डोळे उघडतात, आणि तिथले हप्ते आता लोकांचं कंबरडं मोडताहेत. कोरडवाहू, कानेमनचा दाखला इथे तुम्हाला उपयोगी पडला असता, पण तुम्ही तो फक्त सुखापुरताच वापरलात. लोक हवेला महत्त्व देत नाहीत असं नाही. देतात, फक्त चुकीच्या महिन्याच्या हवेला देतात.

वळीव :

हे मात्र आवडलं. राहायचं ठरवण्याआधी त्या जागेचा सर्वांत वाईट महिना तिथे काढावा, असा नियमच करायला हवा.

कोरडवाहू, सरळ प्रश्न विचारतो, सरळ उत्तर द्या. सारख्या पगाराच्या, सारख्या कामाच्या दोन नोकऱ्या समोर आहेत. नातेवाईक दोन्हीकडे सारखेच लांब. एक जागा सौम्य हवेची, दुसरी आठ महिने रणरणती. कुठे जाल?

कोरडवाहू :

असा सारखेपणा फक्त चर्चेत मिळतो. पण विचारलंच आहे तर आधी मुलांची शाळा बघीन. मग पाणी. मग भाडं. मग दवाखाना किती लांब ते. एवढं सगळं सारखं निघालं तर हवा बघीन. पाचवा नंबर.

वळीव :

पाणी दुसऱ्या नंबरावर ठेवलंत आणि हवा पाचव्या! पाणी येतं कुठून?

कोरडवाहू :

नळातून. तेच तर सांगतोय. मौसिनरामला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी हिवाळ्यात त्या टापूत बायका पाण्यासाठी पायपीट करतात, कारण पाणी चुनखडीतून मुरून खाली निघून जातं, साठवायची सोय अपुरी. उलट फिनिक्सला वर्षाकाठी २०० मिलिमीटरही धड पाऊस नाही, पण कोलोराडो नदीचं पाणी ५४० किलोमीटरच्या कालव्यानं वाळवंट ओलांडून, वर उपसून आणलंय. पाणी आभाळ देत नाही, व्यवस्था देते.

वळीव :

आणि त्या नदीत पाणी कोण ओततं, पाटबंधारे खातं? रॉकी पर्वतावरचा हिवाळ्यातला बर्फ. तो कमी पडत गेला, धरणं खाली गेली, आणि ऑगस्ट २०२१मध्ये त्या नदीवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली. सर्वांत मोठी कपात तुमच्याच कालव्याला बसली, पुढच्या वर्षी अ‍ॅरिझोनातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी रानं पडीक टाकली. कालव्याचं काँक्रीट जसंच्या तसं होतं. व्यवस्था शाबूत होती हो, नदीच अपुरी पडली.

हिशेबनीस :

आणि फिनिक्स त्या वर्षीही वाढलंच.

आडवाट :

वाढलं, बरोबर. शेतकऱ्याचं पाणी तोडून.